पाचव्या दिवसाची मिरवणूक आणि आमच्या पायऱ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काल तुमच्या अंकात आपल्या सांगली संस्थानच्या गणपतीच्या पाचव्या दिवशीच्या विसर्जन मिरवणुकीची बातमी वाचली, दिवसभर डोक्यातनं गेली नाही म्हणून आज लिहायला बसलोय. अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आभारच आहेत. पण त्या अर्ध्या पानात कुठल्या चौकात कुणी स्वागत केलं, कुणाच्या हस्ते आरती झाली, कुणाचा सत्कार झाला ही नावं मी पेन घेऊन मोजली. 23 निघाली. झांजपथकातल्या एका पोराचं नाव नाही. ती पोरं महिनाभर आधीपासनं रोज रात्री सराव करतात, बोटांना चिकटपट्ट्या लावून वाजवतात, ती बातमीत कुठंच नाहीत. आणि फोटो कसला, तर स्टेजचा! रथ त्यात मागं, बोटभर.

आमचं दुकान गणपती पेठेत आहे, वडिलांच्या वेळेपासनं. दुकानाला पाच पायऱ्या आहेत आणि पाचव्या दिवशी त्या पायऱ्यांवर कोण कुठं उभं राहणार हे आमच्याकडं ठरलेलं असायचं. वडील दुपारीच काटा बंद करायचे, दिवाणजी वह्या मिटायचे, हमाल हातपाय धुऊन टोप्या झटकून खालच्या दोन पायऱ्यांवर, घरातल्या बायका आणि आम्ही पोरं वर. भडंगाची पुडी सगळ्यांत फिरायची. मग लांबनं झांजा ऐकू यायच्या आणि रथापुढं बबलू हत्ती दिसला की सगळी पेठ एकदम ‘मोरया’ म्हणायची. रथ आला की सगळ्यात वरच्या पायरीवरनं श्रींचं तोंड बरोब्बर आमच्या डोळ्यांसमोर यायचं. संस्थानिक पटवर्धन सरकारांचा गणपती खरा, पण त्या अर्ध्या मिनिटात तो आमचा असायचा, पेठेतल्या प्रत्येकाला असंच वाटत असणार.

आईचं वय आता 81. गुडघे गेलेत, दुकानाकडं वर्षात एकदाच येते, या दिवशी. सकाळी बसून 21 दुर्वांची जुडी करते, ओल्या पंच्यात गुंडाळते आणि रथ समोर आला की कुणाच्या तरी हातनं वर देते. हे ती लग्न होऊन सांगलीत आली तेव्हापासनं करतेय.

यंदा आम्ही तिला रिक्षानं लवकर आणलं, वरच्या पायरीवर खुर्ची टाकली. बघतो तर बरोबर समोर, रस्त्याच्या आमच्याच बाजूला, स्वागताचं स्टेज. कुणाचं ते लिहीत नाही, पेठेत सगळ्यांना माहीत आहे. स्टेजच्या मागनं पुढनं दहा-बारा फूट उंच फ्लेक्स, त्यावर चेहरेच चेहरे. आमच्या बाजूला त्या फ्लेक्सची पाठ, बांबू, काथ्या आणि जनरेटरची वायर. मी स्वतः जाऊन हात जोडून सांगितलं की मागचा फ्लेक्स तेवढा काढा, म्हातारी माणसं बसलीत, दुकानाची जागा नको मला, फक्त दिसू दे. हो काका, बघतो काका. कुणी बघितलं नाही.

रथ आला. स्टेजपुढं थांबला, चांगला वीस मिनिटं थांबला, कारण वरती शाल-नारळ चालू होतं, माइकवर एकेकाचं नाव, प्रत्येक नावाला टाळ्या. आम्हाला फक्त झेंडूच्या माळेचं टोक दिसत होतं फ्लेक्सच्या वर. आई खुर्चीतनं उठली, खांबाला धरून टाचा उचलून बघायला लागली. तेवढ्यात त्यांच्यातलाच एक पोरगा पायऱ्या चढून आला, स्वभावानं चांगला वाटला, म्हणाला, आजी, आमच्या पेजवर लाइव्ह चालू आहे, यात बघा की. आणि त्यानं मोबाइल आईच्या तोंडासमोर धरला.

संपादक साहेब, गणपती दहा फुटांवर होता आणि माझी आई त्याला मोबाइलमध्ये बघत होती. तिनं त्या काचेलाच नमस्कार केला. मला तिथं काय वाटलं ते मी लिहू शकत नाही.

मिरवणूक बदलली म्हणून मी रडत बसणाऱ्यातला नाही. हत्ती गेला, ते चालायचंच, मुक्या जनावराला त्या गर्दीत किती वर्षं चालवणार. पोरींची पथकं आली, उलट चांगलं झालं, माझी पुतणीच झांज वाजवते. पण जे बघायला माणसं येतात तेच झाकायचं, हा कसला बदल?

2019 चा महापूर आठवा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, आमच्या दुकानात किती चढलं त्याची पेन्सिलची रेघ अजून भिंतीवर आहे, माझ्या खांद्याच्या वर. हळद, मिरची, गूळ, सगळं गेलं, कुजलेल्या पोत्यांचा वास महिनाभर कपड्यांना होता. आणि ऑगस्टचं पाणी उतरतंय तोवर सप्टेंबरच्या सुरवातीला गणपती आले. कुणाच्या अंगात उत्साह नव्हता, सगळं साधेपणानं झालं. पण त्या वर्षी आमच्या पायऱ्यांसमोर रस्ता मोकळा होता. अजून फटीफटीत गाळ होता, आम्ही त्याच पायऱ्यांवर उभं राहिलो आणि आईनं दुर्वा दिल्या. शेजारचे एक व्यापारी, ज्यांचं सगळंच गेलं होतं, ते नुसते हात जोडून उभे होते, तोंडातनं शब्द नाही. त्या वर्षी कुणाला स्टेजची गरज पडली नाही. पूर आला तेव्हा पोती उपसायला पण त्या 23 नावांपैकी किती जण होते ते पेठेला माहीत आहे.

मागणी साधी आहे. स्वागत करायचं तर चौकात करा, खाली उभं राहून करा, दुकानांच्या आणि घरांच्या पायऱ्यांसमोर स्टेजला परवानगी देऊ नका. आणि तुम्ही पेपरवाल्यांनी एक वर्ष तरी सत्काराची नावं छापू नका, मग बघा किती स्टेज उरतात.

जाता जाता आणखी एक. विसर्जनाला सरकारी घाटावर गेलो होतो, पाण्याला जो वास होता तो घरी येऊन अंघोळ करेपर्यंत नाकातनं गेला नाही. शहरातल्या शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत मिसळतंय हे मी कॉलेजात होतो तेव्हापासनं वाचतोय, आता माझा मुलगा कॉलेजात आहे. ज्या पाण्यात आपण श्रींना पोचवतो ते पाणी असलं? त्याची पण बातमी येऊ दे, अर्ध्या पानाची.

आईच्या दुर्वा त्या दिवशी तशाच परत आल्या. फ्रिजमध्ये ओल्या पंच्यात ठेवल्यात. काल बायकोनं विचारलं तुळशीत घालू का, तर आई म्हणाली राहू दे, मंदिरात मी स्वतः नेऊन देते, आणि आज सकाळपासनं ती रिक्षा कधी बोलावतोस म्हणून विचारतेय.

आपला,
एक जुना वाचक
गावभाग, सांगली