गोवळकोटला भरती किती वाजता? : जलसंपदामंत्र्यांना खुले पत्र

मा. जलसंपदामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी चिपळूणचा. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. बाजारपेठेमागच्या आमच्या जुन्या घरात माजघराच्या भिंतीवर पेन्सिलीने ओढलेल्या दोन रेघा आहेत. खालची २६ जुलै २००५च्या पुराची, वरची २२ जुलै २०२१च्या पुराची. दोन्ही वेळा पाणी ओसरल्यावर चिखलाचा डाग सुकायच्या आत मी त्या ओढल्या. घरातले म्हणाले, गाद्या वाहून गेल्या आणि ह्यांना पेन्सिल सुचतेय. पुढे रंगकाम निघालं तेव्हा तेवढा पट्टा मी सोडायला लावला.

तुमच्या खात्यानेही आमच्या गावावर दोन रेघा ओढल्या आहेत. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. शहराचा मोठा भाग त्यांच्या आत येतो आणि तिथे बांधकामाला आडकाठी होते, म्हणून गावात राग आहे. माझा राग नाही. मास्तरकीची जुनी खोड तेवढी आहे, की उत्तर दिसलं की रीत विचारायची. मागे एका सरकारी कार्यालयात विचारलीही. "ते मॉडेलवरून आलंय, काका," एवढंच उत्तर मिळालं. आमच्याकडे देवाला कौल लावतात तेव्हा देव कारण देत नाही, आणि कोणी मागतही नाही. मॉडेलला मात्र कारण विचारता आलं पाहिजे.

मॉडेल म्हणजे शेवटी हिशेबच. नदीचे ठरावीक अंतरावर आडवे छेद घ्यायचे. प्रत्येक तुकड्यात आत आलेल्या पाण्यातून बाहेर गेलेलं वजा केलं की साठलेलं उरतं. पाण्याला उतार पुढे ढकलतो, तळ आणि काठ मागे ओढतात. फ्रान्सच्या सेंट-व्हेनाँने ही समीकरणं १८७१ सालीच मांडली. संगणक ती दर काही सेकंदांनी नव्याने सोडवतो, एवढाच फरक. घाटावरच्या नदीचं मॉडेल करताना वरून किती पाणी येतंय ते नीट सांगितलं की बरंचसं काम भागतं. खाडीचं तसं नाही. तिच्या खालच्या तोंडाशी समुद्र असतो आणि तो दिवसातून दोनदा दार लोटून घेतो.

आमच्या गावच्या वाशिष्ठी नदीची हीच गोष्ट आहे. ती समुद्राला मिळते त्या दाभोळच्या मुखापासून चिपळूणजवळच्या पेढ्याच्या पुलापर्यंत ४५ किलोमीटर हा २०१६च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ आहे. म्हणजे समुद्राचा हात इथवर पोचतो, हे सरकारदरबारी मान्य आहे. चिपळूणला लागून असलेल्या गोवळकोटच्या धक्क्यावर कोणाही होडीवाल्याला विचारा, दाभोळला भरती लागल्यावर इथे पाणी कधी चढतं ते तो घड्याळ न बघता सांगेल. कागदावरही साधारण तेच येतं. खाडीची सरासरी खोली ४ मीटर धरली तर भरतीची लाट सेकंदाला सव्वासहा मीटरने वर सरकते, ४५ किलोमीटरला दोन तास. खोली बदलली की वेळही बदलते. पंचांगात पाहून मोकळं होण्यासारखं हे नाही.

२२ जुलै २०२१ला आषाढ पौर्णिमा दोन दिवसांवर होती. म्हणजे भांग (लहान भरती-ओहोटीचे दिवस) सरून उधाण (मोठ्या भरतीचे दिवस) चढत होतं. त्या पुरात भरतीचा वाटा किती, यावर चिपळुणात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, खालून समुद्राने पाणी अडवलं म्हणून बाजारपेठ बुडाली. दुसरा म्हणतो, सह्याद्रीवरून एवढं पाणी कोसळत असताना भरतीची काय मातब्बरी! चहाच्या टपरीवर हा वाद गेली काही वर्षं चालू आहे आणि दोन्हीकडची माणसं शहाणी आहेत. खरं तर हा वाद मॉडेलने एका दुपारात मिटेल. तोच पाऊस, तेच पात्र घ्या. एकदा दाभोळला भांगाची ओहोटी द्या, एकदा उधाणाची भरती द्या. बाजारपेठेतल्या पातळीत जो फरक येईल तो भरतीचा वाटा. तो चार इंच असो की चार फूट, आम्ही मान्य करू. मग निळी आणि लाल रेघ काढताना दाभोळच्या टोकाला समुद्राची कोणती पातळी धरली, हा माझा पहिला प्रश्न. नकाशाच्या कोपऱ्यात तेवढी एक ओळ छापा.

दुसरा प्रश्न अवजलाचा, म्हणजे वीज करून झाल्यावर सोडलेल्या पाण्याचा. कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून कोळकेवाडीत येतं, तिथे पुन्हा वीज करतं आणि शेवटी आमच्या वाशिष्ठीत उतरतं. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायला दिलेलं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट). वर्षभर सारखं सोडलं तर ते सेकंदाला ६० घनमीटर पडतं. पण विजेची मागणी सारखी नसते, म्हणून पाणीही सारखं येत नाही. पुराच्या रात्री कोणत्या तासाला किती अवजल उतरलं, हा आकडा मॉडेलच्या वरच्या टोकाला तासागणिक हवा, आणि तो लोकांसमोरही हवा. वीज बंद करा, असं मी म्हणत नाही. भरती उतरेपर्यंत दोन-तीन तास थांबल्याने काही फरक पडतो का, एवढं करून बघा. पडत नसेल तर तसं जाहीर करा, म्हणजे गावातली कुजबुज तरी थांबेल.

आता गाळ. गाळ काढा म्हणून गावाने साखळी उपोषण केलं, मीही एक दिवस बसलो होतो. उपसा झाला, आणि तो हवाच होता. पण उपसलेला गाळ घनमीटरमध्ये सांगतात, ढिगाऱ्यांचे फोटो येतात, आणि पाण्याची पातळी त्यामुळे कुठे किती उतरेल ते कोणी सांगत नाही. पुलाच्या वरच्या अंगाला काढलेला एक घनमीटर आणि खाली भरतीच्या टापूत काढलेला एक घनमीटर यांची किंमत एक नाही. खाली जिथे पातळी समुद्रच ठरवतो तिथे तळ कितीही खोल करा, पाणी समुद्राच्या खाली जाणार नाही. उलट खोल झालेल्या खाडीतून भरती आणखी आत शिरते आणि खारं पाणी विहिरींपर्यंत, खाजणाच्या शेतांपर्यंत येऊ शकतं. नदीतलं गाळाचं कोणतं बेट काढायचं, कोणतं ठेवायचं, संरक्षक भिंत या काठाला बांधली तर पलीकडच्या काठावर पाणी किती चढेल, महामार्गाच्या भरावाखाली मोऱ्या पुरेशा आहेत का, हे सगळं पोकलेन उतरवण्याआधी संगणकावर करून पाहता येतं. तिथे चूक झाली तर खोडरबर पुरतो.

मॉडेलवर डोळे मिटून विश्वास ठेवा, असंही मी म्हणणार नाही. त्यात एक चोरवाट आहे. तळाच्या आणि काठाच्या खडबडीतपणासाठी मॅनिंगचा 'एन' नावाचा आकडा घालतात, स्वच्छ पात्राला ०.०३च्या आसपास, दाट झाडीला ०.१पर्यंत. हा आकडा थोडा इकडेतिकडे केला की एका पुराचं उत्तर हवं तसं जुळवता येतं. परीक्षेत मागचं उत्तर बघून मधल्या पायऱ्या रचणारी मुलं मी आयुष्यभर पाहिली आहेत. म्हणून एका पुरावर जुळवलेलं मॉडेल दुसऱ्या पुरावर तपासावं लागतं. त्यातही २००५चं पात्र आजचं नाही, ही अडचण आहेच. पण खाडीचा एक मोठा फायदा आहे. तिच्यात पाऊस नसतानाही दिवसातून दोनदा पाणी चढतं-उतरतं. दाभोळ, मध्ये कुठेतरी आणि गोवळकोट अशा तीन ठिकाणी पाणीपातळी नोंदवणारी यंत्रं लावा आणि जानेवारी-फेब्रुवारीत दोन महिने दर दहा मिनिटांनी नोंद घ्या. काठाच्या आतल्या खाडीचा 'एन' आपोआप सापडेल, त्यासाठी पूर यायची वाट बघायला नको. पूर पात्र सोडून गल्ल्यांत शिरतो तेव्हा काय होतं, त्याची तपासणी मात्र आमच्या भिंती करतील.

हॉलंडमध्ये झाउडर झेचा उपसागर बांध घालून बंद करायचा होता. बांधामुळे बाहेरच्या किनाऱ्यावर भरती किती वाढेल, हे काढायला १९१८ साली त्यांनी समिती नेमली आणि अध्यक्ष केलं नोबेल मिळवलेल्या भौतिकशास्त्रज्ञाला, हेंड्रिक लोरेंट्झ यांना. त्या माणसाने आठ वर्षं खाड्यांचे फाटे मोजत कागदावर आकडेमोड केली. १९२६ला अहवाल आला, १९३२ला बांध पुरा झाला. तेव्हा संगणक नव्हता. आमच्याकडे खडकवासल्याला १९१६ साली सुरू झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, खाड्यांची आणि बंदरांची मॉडेलं करण्यात त्यांची हयात गेली आहे. डेल्फ्ट-३डी, टेलेमॅकसारखी सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतात. अडतंय ते माहितीपाशी. छेद एका खात्याकडे, अवजल दुसऱ्याकडे, जलमार्गाची खोली केंद्राकडे, आणि भिंतीवरच्या रेघा आमच्याकडे.

म्हणून मागणी अशी, की वाशिष्ठीचं दाभोळपासून कोळकेवाडीपर्यंत एकच मॉडेल करा, तिला मिळणाऱ्या जगबुडी आणि शिवनदी धरून. त्यात घातलेला प्रत्येक छेद, प्रत्येक तासाचा आकडा खात्याच्या संकेतस्थळावर ठेवा, म्हणजे कोकणातल्या अभियांत्रिकी कॉलेजातली मुलंही ते चालवून पाहतील आणि चुका काढतील. दर पावसाळ्यानंतर छेद नव्याने घ्या, कारण सह्याद्री दरवर्षी नवा गाळ पाठवतो. आणि पुढचा गाळ काढण्याआधी, पुढची भिंत बांधण्याआधी, त्या कामाने बाजारपेठेतली पातळी किती सेंटिमीटर उतरणार, हे निविदेतच लिहा.

रेघांचं मी बघतो. आमच्या गल्लीतल्या एकोणीस घरांत अजून डाग किंवा खुणा आहेत, त्यांची यादी केली आहे. तुमचा सर्व्हेअर लेव्हल घेऊन एक दिवस आला तर त्या समुद्रसपाटीशी जोडून होतील. येताना भरतीची वेळ बघून या. उधाण असेल तर आधी गोवळकोटला जाऊ, पाणी कसं चढतं ते दाखवतो, मग घरी चहा.

आपला,
वाशिष्ठीकाठचा एक निवृत्त शिक्षक
चिपळूण, जि. रत्नागिरी