नांगर टाकायचा नाही, तर होडी बांधायची कुठे?

संपादक महोदय, स. न.

गेल्या मे महिन्यात पाहुणे गेल्यावर खोली झाडायला घेतली, तर न्हाणीघरातल्या बादलीत अर्ध्या नारळाएवढा प्रवाळाचा गोळा. सिंधुदुर्ग किल्ल्यामागे स्नॉर्केलिंगला गेले तेव्हा कोणीतरी उपटून आणलेला. दोन दिवसांत त्याला वास सुटला, म्हणून माझ्या बादलीत सोडून गेले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहे, वाघही तिथंच आहे. माणसं वाईट नव्हती हो. सोलकढी कशी करतात ते वहीत लिहून घेऊन गेली. आपण काय उचलतोय हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. असा गोळा वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो.

मी मालवणच्या दांडी किनाऱ्यावरची. घराच्या दोन खोल्या न्याहारी-निवासाला देते. घरधनी पूर्वी रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला जायचे, आता मुलगा पर्यटकांची होडी चालवतो. त्यामुळे ‘पर्यटक बंद करा’ म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. होडीचा हप्ता त्यांच्याच पैशातून जातो. पण किल्ल्याभोवतीची खडपं, म्हणजे प्रवाळ धरलेले पाण्यातले खडक मेले, तर पाहुणे पाण्यात बघणार काय?

मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं 13 एप्रिल 1987 रोजी. एकूण 29.122 चौरस किलोमीटर, त्यातला 3.182 चौरस किलोमीटर गाभा. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड या गाभ्यातच येतात. आता बघा, जिथं कमीत कमी माणूस जावा असा पट्टा कागदावर आखला, नेमक्या त्याच पट्ट्यात महाराजांचा किल्ला. शिवराजेश्वराच्या दर्शनाला आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव बघायला महाराष्ट्रभरातून माणूस येणार, यायलाच हवा. किल्ल्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी घरं आहेत, त्यांचं रोजचं येणंजाणं आहे. म्हणजे गाभ्याचा नियम पाळणं पहिल्याच दिवसापासून अशक्य. आणि न पाळता येणारा नियम एकदा डोक्यावर बसला, की पाळता येण्यासारखेही कोणी पाळत नाही. आमच्याकडे तेच झालंय. गावात ‘अभयारण्य’ शब्द काढला की मच्छीमाराच्या कपाळावर आठी पडते आणि बोलणं तिथंच संपतं.

मला बोलायचंय ते नांगराबद्दल. किल्ल्याच्या धक्क्याला लागणाऱ्या होड्यांनी प्रवाळाचं फारसं बिघडत नाही. माणसं उतरली, तासाभरानं चढली, झालं. बिघडतं ते स्नॉर्केलिंगच्या जागी. होडी उभी करायची तर नांगर टाकावा लागतो, तो खडपात अडकतो आणि उचलताना जे हाती लागेल ते उखडून आणतो. सुट्टीच्या दिवशी सकाळभरात एकाच खडपावर हे किती वेळा होत असेल? मी घरात हा विषय काढला तेव्हा घरधनी म्हणाले, “नांगर टाकूचो नाय, तर होडी खय बांधूची?” प्रश्न बरोबर आहे. उत्तर आहे बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण. वाळूच्या तळावर, खडपापासून लांब, काँक्रीटचा ठोकळा सोडायचा, त्याला साखळी, वर बोया. आलेली होडी बोयाला बांधायची. आणि जितके बोये तितक्याच होड्या, म्हणजे गर्दीचा हिशेबही आपोआप झाला. वेगळा पहारेकरी नको.

पावाचंही तेच. फोटोत मासे दिसावेत म्हणून पाण्यात पाव कुस्करतात. ठरावीक पट्टेरी मासे धावून येतात, पाहुणे खूश. खडपावरचं शेवाळ खायचं सोडून मासे पावाची वाट बघायला लागले, तर ते शेवाळ प्रवाळावर चढणार. मुलाला हे पटलंय, पण शेजारची होडी पाव टाकते आणि याचा पाहुणा विचारतो, “आपल्याकडे मासे का नाहीत?” एकट्यानं नियम पाळला की धंदा बुडतो. सगळ्यांना एकच नियम हवा तो यासाठी.

वेळेचंही बघायला हवं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या ओहोटीला किल्ल्यामागे पाणी इतकं उतरतं की पोहता न येणारा माणूस सरळ पाय टेकतो, आणि टेकतो तो प्रवाळावर. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरती-ओहोटीला पाणी एवढं खाली जात नाही. तिथी बघून कुठल्या दिवशी कुठल्या वेळी माणसं उतरवायची, हे इथला कुठलाही तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, कॅलेंडर न बघता सांगेल. पण त्याला विचारणार कोण? पावसाळ्यात आमच्या होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा तरी खडपांना विसावा मिळत असेल असं वाटतं. पण तेव्हा खाड्यांतून गोडं पाणी आणि गाळ येतो. त्यातूनही जे तगतं, ते आपण हिवाळ्यात-उन्हाळ्यात नांगरानं ओरबाडतो.

गेल्या मोसमात मुलानं तेलाच्या रिकाम्या कॅनचा बोया करून बघितला. पहिल्याच उधाणाला दोर तुटून तो चिवला किनाऱ्याच्या वाळूत लागला. मग पक्का ठोकळा सोडायला परवानगी कोणाची, हे विचारायला तो तीन कचेऱ्या फिरला. प्रत्येकीनं दुसरीकडे बोट दाखवलं. चार होडीवाले मिळून सिमेंट, खडी, साखळी स्वखर्चानं आणायला तयार आहेत. अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा, तेवढं संबंधितांनी याच सदरातून कळवलं, तर सप्टेंबरात होड्या उतरायच्या आत ठोकळे ओतून होतील.

आपली,
एक वाचक, दांडी, मालवण