रविवारच्या चित्रपटचर्चेबाबत स्मरणसूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारच्या चर्चेसाठी गॅरी मार्शल दिग्दर्शित ‘रनअवे ब्राइड’ (१९९९) हा चित्रपट निवडला असून प्रत्येकाने तो आधी पूर्ण पाहून यावा. तीन वरांना ऐन लग्नाच्या वेळी सोडून पळालेली मॅगी (ज्युलिया रॉबर्ट्स) आणि तिच्याविषयी चुकीचा मजकूर छापून नोकरी गमावलेला स्तंभलेखक (रिचर्ड गिअर) यांच्या या कथेत सर्वांत मोठी फसवणूक मॅगी स्वतःचीच करते. ज्या वराला जशी अंडी आवडतात, तशीच ती आपल्यालाही आवडतात असे ती सांगत राहते. हे प्रसंग लक्षपूर्वक पाहावेत, कारण स्वतःची आवडही ठाऊक नसलेल्या मॅगीला लग्नाआधी शंका येणे स्वाभाविक आहे; अशा शंकेला भित्रेपणा ठरवणे मला अन्यायाचे वाटते. ज्यांनी चित्रपट पाहिला आहे, त्यांनी गटात शेवट उघड करू नये, ही विनंती.