लेबलवर मालकाचं नाव, गिटार बनवली कोणी?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला जुन्या स्पॅनिश क्लासिकल गिटारवरचा लेख वाचला. फोटो मस्तच, पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहितोय. लेखात सगळं श्रेय लेबलवरच्या नावाला देऊन टाकलंय, म्हणजे साउंडहोलमधून (गिटारच्या मधल्या गोल भोकातून) आत डोकावायचं, मानुएल रामिरेझ, माद्रिद असं वाचायचं आणि त्यानेच बनवली म्हणून मोकळं व्हायचं. अहो, ते वर्कशॉपच्या मालकाचं नाव आहे!

गिटार बनवणाऱ्या होसे रामिरेझने धाकट्या भावाला, म्हणजे मानुएलला काम शिकवलं, पुढे दोघांचं फाटलं आणि मानुएलने माद्रिदमध्येच वेगळं दुकान थाटलं. त्याच्याकडे सांतोस एर्नांदेस, दोमिंगो एस्तेसो, मोदेस्तो बोरेगेरो असे एकाहून एक कारागीर कामाला होते. प्रसिद्ध स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाने कितीतरी वर्षं वाजवलेली 1912 ची गिटार आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, तिच्यावर लेबल मानुएलचं, पण घडवली सांतोसने असं बरेच जाणकार मानतात. 1916 ला मानुएल गेला, त्याच्या बायकोने वर्कशॉप चालू ठेवलं, आणि त्या काळातल्या लेबलांवर तिच्या दुकानाच्या नावासोबत कारागिराची इनिशियल्स पण सापडतात. मला तर हीच लेबलं जास्त भारी वाटतात. पुढे सांतोस आणि एस्तेसो दोघांनीही स्वतःची दुकानं काढली, मग कुठे त्यांची नावं लोकांना कळली. रामिरेझ घराण्यात हा प्रकार नंतरही झालाच, तिसऱ्या होसेच्या, म्हणजे पहिल्या होसेच्या नातवाच्या, वर्कशॉपमधून मानुएल कोंत्रेरास आणि पाउलिनो बेर्नाबे बाहेर पडले आणि स्वतःच्या नावाने मोठे झाले.

कोणी म्हणेल, डिझाइन एकच, लाकूड एकच, मग कोणाच्या हातून झाली याने काय फरक पडतो? पडतो. आणि इथेच लेखातलं रोझवूडचं, म्हणजे बॅक आणि साइडला वापरतात त्या लाकडाचं, कौतुक पण जरा अतीच वाटलं. स्पेनमधल्या अल्मेरियाचा गिटार कारागीर आंतोनियो दे तोरेस याने 1862 मध्ये एक गिटार केली, बॅक आणि साइड चक्क कागदाच्या लगद्याच्या, फक्त टॉप (तारांखालची पुढची फळी) नीट लाकडाचा, हे दाखवायला की आवाज मुख्यतः टॉपमधून येतो. ती बार्सिलोनाच्या संगीत म्युझियममध्ये आहे. आता टॉप किती पातळ करायचा, कडेला किती, मध्ये किती, त्याच्या आतून लावलेल्या पंख्यासारख्या पट्ट्या किती तासायच्या, हे लेबलवाला ठरवत नाही, रंधा ज्याच्या हातात आहे तो ठरवतो, लाकूड वाकवून, टिचकी मारून. लाकूड दर वेळी वेगळं निघतं त्यामुळे नुसतं माप पाळून भागत नाही. खुद्द तोरेस 1892 ला गेला तो मागे वर्कशॉप सांभाळणारा शिष्य न ठेवता, नंतरचे लोक त्याच्या गिटारी बघून, मापून शिकले.

हां, लाखेच्या पातळ पॉलिशबद्दल लेखात जे लिहिलंय ते बरोबर आहे, जुन्या गिटारवर जाड चकचकीत थर चढवणाऱ्यांनी ते जरूर वाचावं.

एवढीच विनंती, पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा किमतीचा आकडा लहान टाइपात घ्या आणि लेबलचा फोटो मोठा, म्हणजे त्यावरची बारीक अक्षरं आम्हालाही वाचता येतील.

– एक वाचक