किनाऱ्याची लांबी मुलांना मोजू द्या

संपादक महोदय,

भारताच्या किनाऱ्याची लांबी ७,५१६ किमीवरून ११,०९८ किमी झाली, ती मुख्यतः मोजणी अधिक बारीक नकाशावर झाल्याने. मोजपट्टी लहान केली की खाड्यांची वळणे मापात येतात. गणितज्ञ मँडलब्रॉट यांनी १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावरून हेच मांडले.

कोकणातल्या शाळांनी दाभोळ ते जयगड किनारा घेऊन हे जरूर करून पाहावे. पायथॉन या संगणकीय भाषेतला छोटासा घरगुती प्रोग्राम पुरतो. किनाऱ्याची रेघ एक पिक्सेल जाडीची, चित्र पीएनजी. त्यावर २, ४, ८, १६ पिक्सेल बाजूचे चौकोन टाकत जायचे आणि रेघ किती चौकोनांतून जाते ते मोजायचे. ती संख्या आणि १/बाजू यांच्या लॉगॅरिदमच्या आलेखाचा चढ म्हणजे फ्रॅक्टल मिती, म्हणजे किनारा किती वळणावळणाचा आहे हे सांगणारा आकडा. आधी सरळ रेघ देऊन उत्तर १ येते का पाहावे.

जेपीजी घेतल्यास कडेचे करडे ठिपकेही मोजले जातात. समुद्र रंगाने भरला तर उत्तर २ कडे सरकते. चित्राच्या चौथाईहून मोठे चौकोन वगळावेत. तिथे संख्या इतकी लहान असते की चढ डळमळतो. आणि खाडी कुठवर धरायची हे आधी ठरवावे, कारण दाभोळची खाडी चिपळूणच्या दिशेने बरीच आत शिरते.

– गणिताचे काही शिक्षक, रत्नागिरी जिल्हा