तीव्र रक्तकर्करोगाच्या निदान चाचणीसाठी साहाय्याचे आवाहन

सांगली जिल्ह्यातील सर्व नागरिकांस सप्रेम नमस्कार.

न उतरणारा ताप, हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग अशा तक्रारी घेऊन जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून मिरजेच्या रुग्णालयांत येणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात अपरिपक्व पेशी, म्हणजे ब्लास्ट, आढळतात आणि तीव्र रक्तकर्करोगाचा संशय येतो. तो लिम्फॉइड (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या घराण्यातला) की मायलॉइड (इतर रक्तपेशींच्या घराण्यातला), हे नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली दर वेळी ठरत नाही (अनुभवी पॅथॉलॉजिस्टही हे मान्य करतात), आणि औषधे तर त्यावरच ठरतात.

यासाठी फ्लो सायटोमेट्री ही चाचणी करतात. चमकणारे रंग जोडलेली प्रतिपिंडे नमुन्यात मिसळली की ती पेशींवरील किंवा पेशींच्या आतील ठरावीक प्रथिनांना चिकटतात आणि लेझरच्या झोतातून एकेक पेशी जाताना यंत्र त्यांची नोंद घेते. सीडी १९, सीडी १० या खुणा (म्हणजे क्रमांकाने ओळखली जाणारी अशी प्रथिने) बी-पेशींकडे, पेशीच्या आतील सीडी ३ टी-पेशींकडे (या दोन्ही लिम्फॉइड), तर सीडी १३, सीडी ३३ आणि मायलोपेरॉक्सिडेज मायलॉइड प्रकाराकडे बोट दाखवतात. एखाद्याच खुणेवर विसंबता येत नाही, कारण मायलॉइड पेशींवरही कधीकधी लिम्फॉइड खुणा दिसतात. म्हणून प्रतिपिंडांचा पूर्ण संच वापरावा लागतो आणि खर्च काही हजारांत जातो. शासकीय योजनेतून उपचार मिळायचे तरी निदान आधी कागदावर यावे लागते. नेमक्या याच टप्प्यावर शेतमजुरी करणारी कुटुंबे अडतात, आणि आमच्या मंडळाला मदत हवी आहे ती इथेच.

पैशाइतकीच वेळेचीही अडचण आहे. जांभळ्या झाकणाच्या नळीतील अस्थिमज्जेचा नमुना शक्यतो २४ तासांत, फार तर ४८ तासांत, प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. तो गोठवायचा नाही आणि उन्हात तापू द्यायचा नाही. स्टेरॉइड सुरू झाल्यावर ब्लास्ट झपाट्याने घटू शकतात, त्यामुळे नमुना शक्य तोवर त्याआधीच घेतलेला बरा, ही विनंती तालुक्यांतील डॉक्टरांनाही आहे.

देणगी कृपया मंडळाच्या नावे धनादेशाने द्यावी. रक्कम रुग्णाच्या हाती न देता थेट प्रयोगशाळेत भरली जाईल आणि पावतीची प्रत, रुग्णाचे नाव झाकून, देणगीदारास मिळेल. फळे व ब्लँकेटे यांची तूर्त गरज नाही. सांगली-मिरजेहून पुण्याला नियमित ये-जा करणाऱ्यांनी नमुने तिथल्या प्रयोगशाळेत पोहोचवण्यासाठी आपले नाव व प्रवासाचे वार मंडळाच्या कार्यालयात नोंदवावेत.

आपले नम्र,
कार्यकारिणी सदस्य