नाना, त्या एका अर्थच्या पट्टीसाठी

तीर्थस्वरूप नाना यांस,
साष्टांग नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही "बस, चहा घे आधी" म्हणून विषय बदलता. गेल्या महिन्यात दोनदा असंच झालं. म्हणून आता लिहितोय, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितोय. आमची जुनी गाडी पुन्हा चालू करायला तुम्ही काय केलंत ते माझ्या घराबाहेरही कळायला हवं, शिवाय जुनी गाडी जिवापाड जपणाऱ्या कुणाच्या तरी ते कामी येईल.

आमची प्रीमियर पद्मिनी १९८१ ची. बाबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. गाडी बनली कुर्ल्याच्या कारखान्यात आणि आयुष्य काढलं पुढच्याच स्टेशनला, चुनाभट्टीला. माझ्या मुंजीला ती होती, ताईच्या पाठवणीला ती होती. तिचं इंजिन गेलं तेव्हा बाबा काही बोलले नाहीत, नुसते जाऊन गाडीत बसले. ब्लॉक याआधी तीनदा बोअर झालेला, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे केलेले; आणखी बोअर करायला धातूच उरला नव्हता. बऱ्याच जणांनी भंगारात द्यायचा सल्ला दिला. तुम्ही म्हणालात, "इंजिन मिळेल, पण त्याचे कागद असतील तरच घ्यायचं." त्या एका वाक्याने पुढचा किती मनस्ताप वाचला! सीएसटी रोडवर दोन इंजिनं दाखवली होती, दोन्हींचा आगापिछा कुणी सांगेना. शेवटी गिरगावातल्या एका गृहस्थांच्या १९९४ च्या पद्मिनीचं मिळालं. बॉडी गंजून गेलेली, इंजिन मात्र ठणठणीत. तेच १०८९ सीसी, तेच पेट्रोल. त्यांनी आपली नोंदणी रद्द करून कागद हातात दिले, आम्ही आरटीओची परवानगी काढली आणि काम झाल्यावर नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घेतला.

इंजिन बदलायचं काम एका गॅरेजला दिलं होतं. चेनकुप्पी (जड वजन उचलायची साखळी-कप्पी) लावून जुनं उतरवलं, नवं बसवलं, हे दोन दिवसांत झालं. त्यानंतरचे अकरा दिवस मी विसरणार नाही. सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) मारला की घुंऽऽ करून थांबायचा. गॅरेजवाल्यांनी सेल्फ उघडला, नवे ब्रश टाकले. नाही. नवी बॅटरी घ्यायला लावली. नाही. मग सेल्फच दुसरा बसवला. त्या दिवशी बाबांनी जरा जास्त वेळ चावी फिरवून धरली आणि डॅशबोर्डमधून, चोकच्या नॉबपाशी, धूर निघाला. "इंजिनच खराब निघालं, परत करा," असं मला सांगण्यात आलं. त्या रात्री तुम्हाला फोन केला तेव्हा माझा आवाज धड फुटत नव्हता, तुमच्या लक्षात आलंच असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. मला वाटलं बॉनेट उघडाल. तुम्ही दार उघडलंत, चोकची नॉब बाहेर ओढलीत, तिच्या तारेचं करपलेलं आवरण बोटाने चोळलंत आणि विचारलंत, "इंजिनाचा अर्थ कुठाय रे?"

त्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. तुम्ही मला गाडीखाली वाकायला लावून दाखवलंत. बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला जोडलेली. इंजिन मात्र रबरी फाउंडेशनवर बसलेलं, गिअरबॉक्सही रबरावर. रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी लागते, तीच अर्थची, म्हणजे अर्थिंगची पट्टी. इंजिन उतरवताना ती काढली होती आणि परत लावलीच नव्हती. सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंट परतीची वाट शोधत होता, आणि त्याला सापडली ती डॅशबोर्डपासून इंजिनापर्यंत गेलेली चोकची बारीक तार.

मग तुम्ही मीटर काढलात. एक टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर, आणि मला म्हणालात, "मार सेल्फ." साडेतीन व्होल्ट. "हे पाव व्होल्टाच्या आत पाहिजे," तुम्ही म्हणालात. मग एक जाड जंपर केबल तुम्ही निगेटिव्हपासून थेट अल्टरनेटरच्या ब्रॅकेटला लावलीत. इंजिन पहिल्याच फेरीत सुरू झालं! बाबा गॅलरीत उभे होते. ते चप्पल न घालता खाली आले.

तुम्ही तिथे थांबला असतात तरी मी जन्मभर ऋणी राहिलो असतो. पण तुम्ही बॉनेटखालची वायरिंग पाहिलीत आणि म्हणालात की हे असं ठेवून मी जाणार नाही.

त्या वायरिंगबद्दल लिहायलाच हवं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी आमच्या गल्लीतलं पाणी गाडीच्या सीटच्या वर चढलं होतं. त्यानंतर जो कारागीर आला त्याने आपापल्या परीने एक-एक वायर जोडली आणि वर काळी टेप गुंडाळली. तुम्ही जुना हार्नेस, म्हणजे वायरींचा तो जुडगा, चिरलात तेव्हा आत टेपचा डिंक पाघळून मधासारखा झालेला, तांब्यावर हिरवी पूड, आणि तळाच्या वळणात वाळलेली पिवळट माती. तुम्ही ती नखाने खरवडून माझ्या तळहातावर ठेवलीत. त्या पुराचा गाळ, इतकी वर्षं आमच्याबरोबर फिरत होता. टेपखाली नुसते पिळ देऊन मारलेले सतरा जॉइंट सापडले, आणि बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य वायरला फ्यूजच नव्हता. हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो, कारण मागच्या सीटवर माझी मुलगी बसायची.

लोहार चाळीतून वायर आणली, ती तुम्ही जाडी बघून बघून निवडलीत. जुन्या इंजिनाला डायनामो होता, या इंजिनाबरोबर अल्टरनेटर आला. तो जास्त करंट देतो, म्हणून त्याच्यापासून बॅटरीपर्यंत सहा स्क्वेअर मिलिमीटरची वायर आणि बॅटरीपाशीच फ्यूज. डायनामोचा जुना कटआउट काढून टाकला. हेडलाइटना दोन रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच. साठ वॅटचे दोन बल्ब म्हणजे दहा अँपिअर, ते इतकी वर्षं डॅशबोर्डच्या बिचाऱ्या स्विचमधून जात होते. आधी बल्बपाशी अकरा व्होल्टसुद्धा पोचत नव्हते, आता तेरा पोचतात. पूर्वी सायनच्या सिग्नलला गाडी उभी राहिली की दिवे पिवळे पडायचे. आता पडत नाहीत. टोकाला थिंबल दाबून बसवून, वर स्लीव्ह चढवून, एक्झॉस्टपासून लांब, इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्याच्या भोकात नवं रबर घालून तुम्ही प्रत्येक वायर नेलीत. बाहेरून सुती टेप. प्रत्येक टोकाला नंबर.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते याच्यानंतरचं. माझ्या मुलीकडून तुम्ही चित्रकलेची वही आणि खडू मागून घेतलेत आणि जमिनीवर मांडी घालून गाडीचा नकाशा काढलात. लाल वायर लाल खडूने, निळी निळ्याने, प्रत्येकीवर तोच नंबर. ती शेजारी बसून रंग देत होती आणि तुम्ही तिला रिलेच्या ८५ आणि ८६ नंबरच्या टोकांना काय करायचं ते सांगत होतात, जणू ती उद्या कामावर रुजू होणार आहे. मी विचारलं, एवढं कशाला? तुम्ही म्हणालात, "माझ्यानंतर ही उघडणाऱ्याने मला शिव्या देऊ नयेत." बेस्टच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही उभी हयात अशीच काढलीत, पुढच्या पाळीच्या माणसाला समजेल असं काम करून ठेवत.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षं भरल्यावर तीही रस्त्यावरून उतरली. टॅक्सी गेल्या तशी ही गाडी ओळखणारी माणसंही गल्ल्यांतून कमी होत चालली आहेत. तुम्ही आमच्या वाट्याला आलात, ही माझ्या घरावरची कृपा आहे. नऊ दिवसांच्या कामाचे तुम्ही फक्त सामानाचे पैसे घेतलेत. मजुरीचं पाकीट दोनदा परत केलंत. तिसऱ्यांदा देणार नाही, पण शनिवारी संध्याकाळी काकूंना घेऊन तयार राहा. बाबा गाडी स्वतः चालवणार आहेत, दादर चौपाटीपर्यंत. पुढच्या सीटवर तुम्हीच बसायचं, असं त्यांनी ठरवून टाकलंय.

नकाशा लॅमिनेट करून बॉनेटच्या आतल्या बाजूला लावलाय. आणि चार्जिंगचा लाल दिवा उडाला तर अल्टरनेटर चार्ज करणं सोडू शकतो असं म्हणाला होतात, म्हणून त्याचा एक जादा बल्ब कापसात गुंडाळून, डबीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय. मुलीने डबीवर नंबर घातलाय.

तुमचाच,
चुनाभट्टीचा पद्मिनीवाला